तीन सैल, पाच घट्ट

त्याला सगळे जॉइंटर म्हणायचे. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं त्याने जमिनीखालच्या केबली जोडल्या. रस्त्याच्या कडेला खड्डा, खड्ड्यावर ताडपत्री, आत मांडी घालून बसलेला जॉइंटर आणि समोर केसांच्या बटेसारखा सुटलेला शेकडो तारांचा गुंता. तारेला तार भिडवायची, तीन पीळ सैल, पाच घट्ट, आणि शेपूट मागे दुमडून दाबायचं. हे तो बोलता बोलता करायचा, न बघता. एक जोड चुकला तर एकीच्या सासूचा फोन दुसरीच्या माहेरी वाजतो, असं तो सांगायचा, आणि आपला कधी चुकला नाही हेही त्याच दमात सांगायचा.

हाताइतकाच पक्का होता त्याचा डूख. शेजाऱ्याने एकदा त्याची शिडी नेली आणि पायरी मोडून परत केली, तीही काही न बोलता. जॉइंटरही काही बोलला नाही. चार वर्षांनी त्या शेजाऱ्याकडे फोन बसला तेव्हा त्याच्या लाइनवर अख्खा पावसाळा खरखर राहिली. शेजारी तक्रार करायचा, जॉइंटर जाऊन बघायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "जुनी केबल आहे, काय करणार." बायको म्हणायची, "लोखंडाला गंज चढतो. ह्यांच्या रागाला तेवढा चढत नाही."

सध्या त्याचा डूख होता डॉक्टरवर. हा डॉक्टर म्हणजे गाड्यांचा. बॉनेटला कान लावून रोग सांगतो म्हणून गिऱ्हाइकांनी त्याला तसं नाव पाडलं होतं. त्याचं गॅरेज जॉइंटरच्या लेकीच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या अगदी समोर. ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल, खुणांचा एक तक्ता आणि एक जुनी घेतलेली गाडी. शिकवणारी तीच, हिशेब लिहिणारी तीच, काच पुसणारीही तीच.

खरं तर लेकीने खात्यात चिकटावं अशी जॉइंटरची इच्छा होती. अर्जही त्याने स्वतः आणला होता. तिने त्या अर्जाच्या पाठीवर ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीचा नमुना काढला, आणि तेव्हापासून बापलेकीचं बोलणं "जेवलीस का" आणि "जेवले" एवढ्यावर आलं. तरीही गाडी आली तेव्हा त्याच्यातला बाप गप्प बसला नाही. उन्हाळ्यात शिकणाऱ्यांना घाम फुटतो म्हणून त्याने डॅशबोर्डवर एक लहानसा पंखा बसवून दिला. तो कौतुकाने डॉक्टरला दाखवायला गेला. डॉक्टरने वाकून आत पाहिलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काका, टेलिफोनच्या तारेतून बोलणं जातं. गाडीच्या तारेतून करंट जातो. नुसत्या बोलण्यावर गाडी चालत नसते."

चौघेही हसले. त्यातला एक तर पोट धरून हसला. दोन उन्हाळ्यांत तो पंखा मोडला, काढून टाकला, सगळे विसरले. जॉइंटर विसरला नाही. सहा वर्षं तो त्या गॅरेजवरून जाताना मान दुसऱ्या बाजूला वळवायचा, आणि ती बाजू स्कूलशेजारच्या भिंतीची होती.

यंदा गाडी चालता चालता बंद पडायला लागली. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग कधीही. लेकीने ती डॉक्टरकडे नेली, दुसरं गॅरेज होतं कुठे. डॉक्टरने काही वायरी बदलल्या, गाडी दिली. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा नेली. मग आला लेकीकडे शिकणाऱ्या मुख्याध्यापिका बाईंच्या लायसन्सच्या परीक्षेचा दिवस. बाई चौपन्न वर्षांच्या, तीन महिने चिकाटीने शिकत होत्या. मैदानावरच्या चढावर गाडी अर्ध्यात आली आणि मेली. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. बाई गोंधळल्या, गाडी मागे घरंगळली आणि वाळूच्या पिंपावर जाऊन टेकली. परीक्षा घेणारा अधिकारी त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने मान खाली घालून 'नापास' लिहिलं. बाई परत येताना म्हणाल्या, "सातवीत मी याला भूमितीत नापास केलं होतं. झाली फिट्टंफाट." पण दुसऱ्या दिवशी त्या शिकायला आल्या नाहीत.

लेक तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये गेली ती जाब विचारायला. डॉक्टर हात पुसत म्हणाला, "मॅडम, गाडीत काही नाही. शिकवणारी बाई, शिकणारीही बाई. गाडी बिचारी सोसणार तरी किती?" मागे कोणीतरी हसलं.

हे तिने घरी येऊन आईला सांगितलं. जॉइंटर बाजूला चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला. ते हसणं त्याला न ऐकताही ओळखीचं वाटलं.

"गाडी मागच्या शेडमध्ये घे," तो म्हणाला.

"तुम्ही काय करणार?"

"तू आणि मी. सगळी वायरिंग उघडायची. त्याने काय काय करून ठेवलंय ते एकेक बाहेर काढायचं. आणि मग त्याला दाखवायचं."

लेक बापाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत त्याचं एखादं वाक्य तिला पूर्ण पटलं असं पहिल्यांदाच होत होतं. तिने स्कूलच्या दारावर 'दहा दिवस बंद' असं लिहिलं.

सुडाची सुरुवात मात्र एका स्क्रूपाशी अडली. डॅशबोर्ड सतरा स्क्रूंनी बसवलेला होता. सोळा निघाले. सतरावा कुठे आहे ते शोधण्यात पहिला दिवस गेला, आणि तो सापडला तेव्हा निसटून हवेच्या झरोक्यात पडला. लेकीने कुठूनतरी वायरिंगच्या नकाशाचं पुस्तक आणलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की ते पुस्तक या गाडीच्या पुढच्या वर्षाच्या मॉडेलचं आहे. पुस्तकातली लाल तार गाडीत तपकिरी होती, आणि पुस्तकातली तपकिरी गाडीत नव्हतीच.

लेक सीटवर उताणी पडून डोकं डॅशबोर्डखाली घालायची, पाय दाराबाहेर. जॉइंटर बॉनेटपाशी, करंट आला की पेटणारा टेस्ट लॅम्प घेऊन उभा.

"लाल धर," तो ओरडायचा.

"इथे तीन लाल आहेत."

"त्यातली जाड."

"तिन्ही सारख्या आहेत, बाबा."

"असं कसं होईल? खात्यात आम्ही कधी..."

"बाबा, खातं नको. कुठली लाल ते सांगा."

मग तो चिडून स्वतः आत शिरायचा, त्याची कंबर धरायची, आणि त्याला बाहेर ओढायला लेकीला आईला हाक मारावी लागायची. आई ताटं घेऊन यायची, गाडीच्या उघड्या पोटाकडे बघायची. "फाडताना दोघं होतात," ती म्हणायची, "टाके घालतानाही दोघंच असा म्हणजे झालं." तिसऱ्या दिवशी दोघांत इतकं पेटलं की लेकीने पाना जमिनीवर आपटला आणि जॉइंटर शेडबाहेर जाऊन पाठ फिरवून बसला. अर्ध्या तासाने आतून तिचा आवाज आला, पण रागाचा नव्हता.

"बाबा, इकडे या. हे बघा."

फ्यूजच्या पेटीत एका फ्यूजच्या जागी फ्यूजच नव्हता. तिथे तांब्याच्या तारेचा एक वेढा बसवला होता. म्हणजे काही बिघडलं असतं तर फ्यूज उडायच्या ऐवजी गाडीच पेटली असती.

जॉइंटरने तो वेढा चिमट्याने उचलला, उजेडात धरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला आनंद म्हणण्याशिवाय इलाज नाही. "डबा आण," तो म्हणाला.

लेकीने बिस्किटांचा रिकामा डबा आणला. वेढा त्यात गेला. दुसऱ्या दिवशी करंट चालू-बंद करणाऱ्या एका रिलेखाली काडेपेटीची काडी सापडली. रिले सैल बसत होता म्हणून पाचरीसारखी ठोकलेली. मग तीन वेगवेगळ्या रंगांच्या तारा एकाच चिकटपट्टीच्या मुठीत आवळलेल्या मिळाल्या. मग अर्थिंगची तार, जिचा बोल्ट सरळ रंगावरच आवळला होता, म्हणजे खालच्या पत्र्याला तिचा स्पर्शच नव्हता. प्रत्येक सापडलेल्या पापाबरोबर दोघांची भूक वाढत होती. जेवताना लेक म्हणायची, "काडी बघून त्याचं तोंड कसं होईल?" आणि जॉइंटर घास हातात धरून डॉक्टरचं तोंड करून दाखवायचा. आईने दोघांना असं एकत्र हसताना बघितलं त्याला किती वर्षं झाली होती ते तिलाही आठवेना. तिला बरं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

त्याच दिवसांत त्याने लेकीला आपला जोड शिकवला. "तीन सैल. आता पाच घट्ट. शेपूट मागे. गाडीत वर डाख द्यायचा, म्हणजे हादऱ्याने सुटत नाही." तिची बोटं त्याच्यासारखीच होती, आखूड आणि जोरकस. दहाव्या जोडाला त्याने तो ओढून पाहिला आणि काही न बोलता तिच्या हातात परत दिला. त्याच्या भाषेत ती शाबासकी होती.

एकच अडचण होती. ही सगळी पापं धुऊन काढली तरी गाडी बंद पडतच होती. इंजिन वीस मिनिटं नीट चालायचं आणि मग दिवा फुंकावा तसं विझायचं.

नवव्या दिवशी दुपारी लेक जेवायला आत गेली आणि जॉइंटर तिच्या जागी उताणा पडला. स्टिअरिंगच्या दांड्यामागे हात पुरेल तिथपर्यंत घातल्यावर बोटांना एक गाठ लागली. चिकटपट्टी सुकून सालपटासारखी झाली होती. त्याने ती नखाने सोलली.

तीन सैल, पाच घट्ट, शेपूट मागे दुमडलेलं.

आपलं अक्षर माणसाला कोणी सांगावं लागत नाही. पंख्यासाठी त्याने तिथूनच करंट घेतला होता. पंखा गेला, जोड राहिला. डाख नव्हता. टेलिफोनच्या तारेला कधी द्यावा लागत नसे, तिच्यातून जातो तो करंट मुंगीएवढा. इथून मात्र पेट्रोलच्या पंपाचा करंट जात होता. सहा वर्षं हादरे, उष्णता, दमट हवा. जोडावर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. त्याने तो बोटाने हलवला. टेस्ट लॅम्प विझला. पुन्हा हलवला, लागला.

नुसत्या बोलण्यावर गाडी चालत नसते. सहा वर्षांपूर्वीचं ते वाक्य त्याला शब्दन् शब्द ऐकू आलं. चूक झाली याचं त्याला तितकं वाईट वाटलं नाही. तो माणूस बरोबर होता, हे मात्र त्याच्या घशाखाली उतरेना. त्याने पक्कड घेतली, जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर तार ठेवली आणि तुकडा कापला. खिशात टाकावा म्हणून हात वळला, तेवढ्यात दारात पावलं वाजली.

"काही सापडलं?" लेकीने विचारलं.

तिच्या तोंडावर नऊ दिवसांची काजळी होती आणि डोळे चमकत होते. तो तुकडा त्याच्या तळहातावर उघडा पडला होता.

"सापडलं," तो म्हणाला. "हाच. पंपाची तार. बघ कसा सोडलाय त्याने, ना डाख, ना काही."

हे तो ठरवून बोलला नव्हता. पण बोलून झाल्यावर मागेही घेतलं नाही. तुकडा डब्यात पडला. त्याने नवी तार घातली, डाख दिला, आणि इंजिन दीड तास अखंड चाललं. लेकीने त्याच्या पाठीवर थाप मारली, जशी ती पहिल्यांदा न घाबरता वळण घेणाऱ्या शिकाऊंच्या पाठीवर मारते. त्या थापेसाठी तो आणखी चार खोटी बोलला असता.

सुडाची कल्पना लेकीची. तिने एक पांढरी फळी आणली, डब्यातले पाच तुकडे तिच्यावर खिळ्यांनी ठोकले आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी लावली. 'फ्यूजच्या जागी तार.' 'रिलेखाली काडी.' 'रंगावर अर्थिंग.' 'तिघींची एकच मूठ.' मधोमध तो तुकडा: 'याच्यामुळे गाडी चढावर मेली.' वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आमच्या गाडीतून निघालेला माल. दुरुस्ती: समोर.' आणि फळी स्कूलच्या काचेला आतून टांगली, तोंड रस्त्याकडे.

पहिल्या दिवशी चारसहा जण थांबले. दुसऱ्या दिवशी घोळका. तिसऱ्या दिवशी लोक डॉक्टरकडून गाडी घेताना तिथेच फ्यूजची पेटी उघडून बघायला लागले. एकाच्या पेटीत खरोखरच तसाच वेढा निघाला, आणि तो रस्त्यात उभा राहून मोठ्याने बोलला. दोन जुनी गिऱ्हाइकं गाड्या टोचन लावून दुसऱ्या टोकाच्या गॅरेजात घेऊन गेली. जॉइंटरने घरून खुर्ची आणली होती. तो काचेशेजारी बसायचा, चहा प्यायचा आणि आता मान समोर ठेवायचा. इतका गोड चहा त्याने आयुष्यात प्यायला नव्हता. मधल्या तुकड्याकडे तेवढं तो बघत नसे.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर रस्ता ओलांडून आला. एकटाच. आत येऊन फळीसमोर उभा राहिला आणि एकेक चिठ्ठी वाचली.

"वेढा माझा," तो म्हणाला. "घाई होती. चूकच आहे. काडी माझी. मूठ माझी. अर्थिंगही माझं." मग तो मधल्या तुकड्याशी वाकला. बराच वेळ वाकून राहिला. "गाडी तीनदा आली, मी इथपर्यंत एकदाही हात घातला नाही, तो दोष माझा. पण हा जोड माझा नाही, मॅडम. शेपूट दुमडायची पद्धत आमच्यात नाही." त्याने मान वळवली. "काका, हा कोणाचा असेल?"

"चोराने कधी आपण होऊन कबुली दिली आहे का?" जॉइंटर म्हणाला.

डॉक्टर त्याच्याकडे पाहत राहिला. चिडला नाही, हसला नाही. "बरं," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

लेक फळीपाशी गेली. तिने मधला तुकडा खिळ्यांतून सोडवला, खिडकीच्या उजेडात धरला आणि नखाने एकेक पीळ मोजला. जॉइंटर खुर्चीत बसून तिचे ओठ हलताना बघत होता. तीनपाशी ते थांबले, मग पुन्हा पाचपर्यंत गेले.

"बाबा, पंख्याला करंट कुठून घेतला होता?"

त्याने खुर्ची मागे सरकवली.

"तुम्हाला कापतानाच कळलं होतं."

"त्याने बाकीची काय कमी घाण केली होती?" तो म्हणाला. "काडी त्याची नाही का? आग लागली असती, आग."

"मी ते विचारलं नाही."

"तो तुला काय बोलला होता ते विसरलीस?"

"नाही विसरले. ते त्याच्याकडून वसूल करणारच होते, खऱ्या गोष्टींवर. चार पुरेशा होत्या. तुम्ही पाचवी घुसवलीत आणि मी आता त्याच्यासमोर खोटी पडले." ती ओरडत नव्हती. तिने ओरडावं असं त्याला फार वाटत होतं. "मला वाटत होतं, तुम्ही हे माझ्यासाठी करताय."

ती तुकडा घेऊन सरळ समोर गेली. काचेतून त्याला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. ती बोलली, तुकडा दाखवला. डॉक्टरने मान डोलावली आणि तो वळायला लागला, तेव्हा तिने बोट उचलून त्याला थांबवलं. पुढचं तिने नंतर आईला सांगितलं. ती म्हणाली होती, "माझ्या घरचं मी कबूल केलं. आता तुमचं. माझ्याबद्दल आणि मुख्याध्यापिका बाईंबद्दल जे बोललात ते ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच मागे घ्यायचं. तोवर तुमच्या चार वस्तू काचेत राहतील." डॉक्टरने दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी बाईंना गॅरेजसमोर उभं करून, मान खाली घालून त्याने माफी मागितली. बाईंनी ती शाळेतल्यासारखी पुन्हा मोठ्याने म्हणायला लावली.

पण त्याआधी, गॅरेजमधून परत आल्या आल्या, लेकीने टेबलाशी बसून एक नवी चिठ्ठी लिहिली होती. तुकडा पुन्हा मधोमध ठोकला आणि चिठ्ठी खाली लावली. 'हा जोड माझ्या वडिलांचा. गाडी चढावर मेली ती याच्यामुळे.'

"अगं, लोक बघतील," जॉइंटर म्हणाला.

"त्यासाठीच लावलाय."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय तिच्याकडे नव्हता. धरलेलं न सोडण्याचा हा स्वभाव कोणाचा, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. फळी महिनाभर राहिली. डॉक्टरच्या माफीनंतर त्याचे चार तुकडे उतरले आणि तीन आठवडे जॉइंटरचा एकटा तुकडा काचेत राहिला. खात्यातले दोन जुने सोबती मुद्दाम बघून गेले. एकाने विचारलं, "कधी चुकला नव्हता ना रे?" जॉइंटरने खुर्ची घरी नेली.

घरात लेक त्याच्याशी पुन्हा "जेवलात का"वर आली. मग एक दिवस तिला मागचा दिवा बदलायचा होता आणि तिने त्याला हाक मारली. त्याने जोड दिला, डाख दिला. तिने तो त्याच्यासमोर दोन्ही हातांनी, अंगातला सगळा जोर लावून ओढला. सुटला नाही. तिने पुढची तार त्याच्यापुढे केली. तेव्हापासून दर वेळी ती ओढून बघते. तो बघू देतो. डॉक्टरवरचा डूख मात्र त्याने सोडला नाही. उलट आता त्यात त्या "बरं"ची भर पडली. डॉक्टरने शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं.

मुख्याध्यापिका बाई पुन्हा परीक्षेला बसल्या. जॉइंटर मैदानाच्या कुंपणापाशी उभा राहिला. पलीकडे डॉक्टर आला होता, कोणाच्या तरी गाडीबरोबर. गाडी चढावर आली. जॉइंटर कुंपणावर वाकला. गाडी थांबली, ठरल्याप्रमाणे, आणि मग शांतपणे वर गेली. जॉइंटरने झटकन मान वळवली. डॉक्टरची पाठ होती. तो कोणाशी तरी बोलत होता. त्याने काहीच पाहिलं नव्हतं.

बाई पास झाल्या. डॉक्टर तोवर गॅरेजवर परत गेला होता. घरी जाताना गाडी मीच चालवणार, असं त्यांनी जाहीर केलं. लेक त्यांच्या शेजारी बसली, जॉइंटर मागे. फाटकाशी आल्यावर तो पुढे वाकून म्हणाला, "बाई, उजवीकडून घ्या. गॅरेजवरून. हळू घ्या, वाटल्यास हॉर्न वाजवा."

"तिकडून लांब पडेल ना?" बाईंनी विचारलं.

लेकीने आरशातून बापाकडे पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "डावीकडे वळा."